लीलावतीच्या लेकी आणि परत न आलेली विमाने

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाच्या नावामागची आख्यायिका आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. मुलीच्या लग्नाची घटिका चुकू नये म्हणून आचार्यांनी पाण्यात घटिकापात्र सोडले. लीलावती कुतूहलाने त्यात डोकावली, तिच्या अलंकारातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात ही कथा येते, तिला ऐतिहासिक आधार नाही. तरीही ती सांगताना एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. या कथेतल्या मुलीला उत्तम गुरू मिळाला, ग्रंथ मिळाला, पण पुढे तिने स्वतः कोणते गणित केले याविषयी कथा काहीच सांगत नाही.

या लीलावतीचे नाव घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००८ मध्ये ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी हे त्याचे संपादक. रोहिणी गोडबोले मूळच्या पुण्याच्या, मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि अमेरिकेतील स्टोनी ब्रूक येथून पीएच.डी. झालेल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कणभौतिकीच्या ख्यातनाम संशोधिका. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञानातील स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांनी जन्मभर जे काम केले, त्यात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. म्हणूनच त्याची नुसती ओळख करून देऊन थांबू नये असे वाटते. अनेक शाळांत २८ फेब्रुवारीला किंवा ८ मार्चला स्त्री वैज्ञानिकांच्या कथा सांगितल्या जातात आणि हे पुस्तक त्यासाठी फार सोयीचे आहे. ते वर्गात कसे वाचावे, हा या लेखाचा विषय आहे.

ग्रंथात सुमारे शंभर स्त्री वैज्ञानिकांची छोटी छोटी चरित्रे आणि आत्मकथने आहेत. पूर्वीच्या पिढीतील स्त्रियांवर इतरांनी लिहिले आहे, बाकीच्या स्वतः बोलल्या आहेत. विज्ञानाकडे कशामुळे वळलो, त्यात कशामुळे टिकलो, कोणाची मदत झाली, हे बहुतेकींनी साध्या भाषेत सांगितले आहे. उगाच वीरश्रीचा आव नाही. चरित्रमालांमधली ‘लहानपणापासूनच त्या अत्यंत हुशार होत्या’ ही छापील वाक्ये इथे फारशी भेटत नाहीत. घर, नवरा, मूल, बदली, वसतिगृह, प्रयोगशाळेतली जागा यांविषयी मोकळेपणाने लिहिलेले आहे. एवढ्या स्त्रिया एकत्र आल्यामुळे वाचणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच वाटते, की मेरी क्यूरी हे एकच नाव नाही, आपल्याकडेही मोठा मेळा आहे. हा या ग्रंथाचा खरा उपकार.

आता उणीव. ती संपादकांच्या हातून घडलेली चूक नव्हे. या प्रकारच्या प्रत्येक ग्रंथात ती असतेच. समजण्यासाठी संख्याशास्त्रातले एक उदाहरण घेऊ.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड हा गणिती अमेरिकेच्या संख्याशास्त्रीय संशोधन गटात काम करीत होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत याची नोंद होत असे. जिथे भोके जास्त, तिथे पत्रा जाड करावा, असे सहज कोणीही म्हणेल. वाल्डचे म्हणणे उलट होते. ज्या भागांवर भोके दिसत नाहीत तिथे चिलखत हवे, कारण त्या जागी गोळी लागलेली विमाने परतच आली नाहीत. आपल्यासमोरचा नमुना हा वाचलेल्यांचा नमुना आहे.

यशस्वी स्त्रियांची चरित्रे हा असाच परतलेल्या विमानांचा नमुना आहे. त्यांच्यावरची भोके, म्हणजे त्यांनी सोसलेली संकटे, आपण मोजतो आणि ‘बघा, एवढे सोसूनही त्या पुढे गेल्या’ असा धडा काढतो. वर्गातली मुलगी त्यातून दुसरेच शिकते. आपण पुढे जाऊ शकलो नाही, तर आपल्यातच जिद्द कमी होती, असे तिला वाटते. हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, शिवाय त्या मुलीवर अन्याय करणारा आहे. म्हणून या ग्रंथात ज्यांचा समावेश आहे अशा काहींच्या चरित्रांकडे पुन्हा पाहू, आणि त्यांच्या जिद्दीखेरीज तिथे आणखी काय होते ते शोधू.

कमला सोहोनींची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी बंगळूरच्या संस्थेत अर्ज केला. मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई स्वतः जाऊन हटून बसल्या, तेव्हा वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. हा सत्याग्रह आपण रंगवून सांगतो. परंतु त्यांचे वडील आणि काका हे दोघेही त्याच संस्थेतून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे सांगत नाही. अर्ज कुठे करायचा, नकार आल्यावर कोणाच्या दारात उभे राहायचे, हे त्या घराला माहीत होते. पुढे श्रीनिवासय्या यांच्यासारखा मन लावून शिकवणारा मार्गदर्शक लाभला. नंतर शिष्यवृत्त्यांच्या बळावर त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरील कामासाठी १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. जिद्द होतीच. तिच्या जोडीला माहितगार घर, चांगला गुरू आणि वेळेवर आलेला पैसाही होता.

दुसरे उदाहरण एका शिष्यवृत्तीचे. लेव्ही बार्बर या गृहस्थांच्या देणगीतून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९१७ मध्ये आशियाई स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ त्याच शिष्यवृत्तीवर तेथे गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. मायदेशी येऊन कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काम केले. पुढे राजेश्वरी चटर्जी प्रथम सरकारी शिष्यवृत्तीवर मिशिगनला गेल्या आणि १९४९ पासून याच बार्बर शिष्यवृत्तीवर त्यांनी पुढचे शिक्षण घेतले. १९५३ मध्ये पीएच.डी. घेऊन त्या बंगळूरच्या संस्थेत अध्यापक झाल्या आणि सूक्ष्मतरंग अभियांत्रिकीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. एक वनस्पतिशास्त्रातली, दुसरी विद्युत अभियांत्रिकीतली. स्वभाव वेगळे, काळ वेगळा. समान होता तो एक निधी, जो वर्षानुवर्षे आटला नाही. एका देणगीदाराच्या लहरीवर तो चालला असता, तर या दोन नावांतले दुसरे कदाचित आपल्याला माहीतही झाले नसते.

तिसरे उदाहरण ॲना मणी यांचे. त्या १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी रात्र रात्र बसून काम केले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम.एस्सी. नसल्याचे कारण दाखवून विद्यापीठाने पदवी नाकारली. प्रबंधाच्या गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता, नियमाचा होता. त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. तेथे हवामानशास्त्रीय उपकरणांचे शिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर बहुतांशी परदेशातून येणारी हवामान-उपकरणे येथे तयार होऊ लागली, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. एका नियमाने दार बंद केले आणि एका शिष्यवृत्तीने दुसरे उघडले. त्याच प्रयोगशाळेत प्रकाशाच्या विकिरणावर काम करणाऱ्या सुनंदाबाई नावाच्या संशोधिकेचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. आज भौतिकशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे? परतलेल्या विमानांच्या यादीत सर्वच नावे येत नाहीत.

या कथांतून तीन गोष्टी वर येतात: पैसा, पाठीशी उभे राहणारे माणूस आणि नियम. तिन्ही अनुकूल पडले तर जिद्दीला फळ येते. ग्रंथाच्या मांडणीत मात्र या तिन्ही गोष्टी त्या त्या बाईच्या नशिबाचा भाग म्हणून येतात. वडील उदार निघाले, गुरू चांगले भेटले, नवरा समजूतदार होता. भाग्याची नोंद कृतज्ञतेने करावी, हे योग्यच. पण शिक्षकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा. जे एकीला भाग्याने मिळाले, ते इतरांना व्यवस्थेने देता येईल का?

पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल या प्रश्नाचे उत्तर एका प्रयोगाने दिले आहे. आपल्याकडे पूर्वी मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जात असे. नव्या घरात मुलीला परके वाटू नये, एवढेच तिचे काम. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत तारा डेनेही आणि नीलांजना दासगुप्ता यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या १५० मुलींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. काहींना वरच्या वर्गातली मुलगी पाठराखीण म्हणून दिली, काहींना वरच्या वर्गातला मुलगा, काहींना कोणीच नाही. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर पहिल्या गटातल्या सर्वच्या सर्व मुली अभियांत्रिकीत टिकून होत्या. मुलगा सोबती असलेल्या गटात ८२ टक्के, आणि कोणीच नसलेल्या गटात ८९ टक्के टिकल्या.

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट गुणांची आहे. पहिल्या वर्षी कोण टिकते आणि कोण सोडून जाते, याचा संबंध परीक्षेतल्या गुणांशी आढळला नाही. संबंध होता तो ‘मी इथली आहे, मला हे जमेल’ या भावनेशी. पाठराखिणींनी ती भावना ढासळू दिली नाही. प्रयोग एका विद्यापीठातला आहे, संख्या लहान आहे आणि देश वेगळा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे मदत पहिल्या वर्षी हवी. दुसरी म्हणजे ती करण्यासाठी नामवंत शास्त्रज्ञ लागत नाही. एक-दोन वर्षांनी पुढे असलेली मुलगी पुरते. वर्षातून एकदा पाहुणीला बोलावून भाषण ठेवणे आणि हार घालणे म्हणजे पाठराखण नव्हे.

आता आपल्या देशातल्या योजना याच तीन कसोट्यांवर लावून पाहू. त्याआधी काही आकडे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत एकूण ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांपैकी मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्तच. अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या पदवी वर्गांत २०२०-२१ मध्ये मुलींचे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. आणि देशातील संशोधन-विकासात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा २०१८ मध्ये १६.६ टक्के, २०२१ मध्ये १८.६ टक्के होता. याचा अर्थ, विज्ञानाच्या वर्गाचे दार उघडलेले आहे, अभियांत्रिकीचे अर्धवट उघडे आहे, आणि खरी गळती वर्गाबाहेर पडल्यानंतरची आहे.

पैशाच्या बाबतीत बरेच घडले आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती तंत्रशिक्षणाच्या पदवी व पदविका वर्गातील मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळते. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही गोष्टींचे स्वागत करायला हवे. मात्र तालुक्याच्या गावातील पालकाला विचारून पाहा. त्याला भीती शुल्काची असते, तशीच वसतिगृहाची, संध्याकाळच्या एस.टी.ची आणि ‘तिकडे ओळखीचे कोण आहे?’ या प्रश्नाचीही असते. शुल्कमाफी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

नियमाच्या बाबतीत सर्वांत ठळक उदाहरण आयआयटींचे आहे. २०१८ पासून तेथे मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. मुलींचे प्रमाण त्या वर्षी किमान १४ टक्के, पुढच्या वर्षी १७ आणि २०२० मध्ये २० टक्के व्हावे असे उद्दिष्ट होते. या जागा जादा असल्याने मुलांच्या जागा कमी झाल्या नाहीत. ‘मग गुणवत्तेचे काय?’ असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, आजही घेतला जातो. त्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण आपल्या वर्गातली मुलेही तो विचारतात. उत्तर असे, की या मुलीही त्याच प्रवेशपरीक्षेतून पात्र ठरलेल्या असतात. दूरच्या शहरातील खर्चिक शिकवणीला घरचे मुलाला पाठवतात आणि मुलीला पाठवत नाहीत, तेव्हा परीक्षेतला क्रम केवळ बुद्धीचे माप राहत नाही. शिवाय वर्गात दहा मुलींऐवजी वीस मुली असल्या, की वरच्या वर्गातली पाठराखीण शोधावी लागत नाही, ती आपोआप भेटते. असा एक नियम दुसऱ्या योजनेचेही काम सोपे करतो.

गळतीच्या टप्प्यावर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून स्त्री वैज्ञानिकांसाठी योजना सुरू केल्या. पुढे त्या ‘किरण’ आणि नंतर ‘वाइज-किरण’ या नावाखाली आल्या. मूल, आजारपण, नवऱ्याची बदली यांमुळे काम सुटलेल्या स्त्रियांना संशोधनात परत येता यावे, हा हेतू. अनेकींना त्याचा लाभ झाला आहे. पण मिळते ते काही वर्षांचे पाठ्यवेतन. मुदत संपल्यावर कायमची जागा मिळेलच, असे नाही. एखाद्या बाईला नदी ओलांडायला नाव दिली आणि पैलतीराला धक्काच बांधला नाही, तर ती नाव मध्येच फिरत राहणार. शिष्यवृत्ती देणाऱ्या योजनेने शेवटी किती जणी कायमच्या कामावर लागल्या, हा आकडा दरवर्षी जाहीर करायला हवा. किती जणींना शिष्यवृत्ती दिली, हा आकडा तेवढ्याने पुरेसा नाही.

शाळेच्या पातळीवर २०१९-२० पासून ‘विज्ञान ज्योती’ ही योजना नववी ते बारावीच्या मुलींसाठी सुरू झाली. ज्या शाळांपर्यंत ती पोहोचलेली नाही, त्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिक्षकाला विनाखर्च करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या शाळेतून गेलेल्या, आता अभियांत्रिकीच्या किंवा विज्ञानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या मुलींची वही ठेवावी. दिवाळीच्या सुटीत त्या गावी येतात, तेव्हा बारावीच्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी त्यांची गाठ घालून द्यावी. वसतिगृह कसे आहे, पहिल्या सहामाहीत काय कठीण जाते, हे त्या सांगतील तसे कोणी सांगणार नाही. बारावीनंतर गेलेल्या मुलीला पहिल्या सहामाहीत निदान दोनदा पत्र किंवा फोन करावा. उत्पन्नाच्या दाखल्यासारखी कागदपत्रे आणि अर्जांच्या मुदती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवाव्यात, कारण कित्येक शिष्यवृत्त्या गुणांअभावी नव्हे, दाखल्याअभावी हुकतात. आणि प्रयोगाच्या तासाला पाहावे, की उपकरण कोणाच्या हातात आहे आणि वाचने कोण लिहून घेत आहे. बहुतेक गटांत स्क्रू फिरवतो तो मुलगा आणि अक्षर सुंदर म्हणून वही असते ती मुलीकडे. आलटून पालटून काम देणे हा एका मिनिटाचा बदल आहे.

मग ‘लीलावतीज डॉटर्स’ वर्गात वाचावे का? जरूर वाचावे. एक चरित्र वाचून झाले, की फळ्यावर तीन रकाने करावेत: पैसा कोठून आला, पाठीशी कोण उभे राहिले, कोणता नियम आड आला किंवा मदतीला आला. विद्यार्थ्यांनीच ते भरावेत. आणि चौथ्या रकान्यात, तेवढीच हुशार पण या तीनपैकी एकही गोष्ट न मिळालेली, आपल्या ओळखीतली एखादी मावशी किंवा आत्या त्या काळी काय करीत होती, ते लिहावे. मुलांना घरी विचारावे लागेल. कोणाची आजी गणितात पहिली येत असे आणि सातवीत शाळा सुटली, अशी उत्तरे येतील. तो रकाना या ग्रंथात नाही. तो भरणारे विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेले आहेत.